बद्द

शुक्रवारी, पाच वाजायला सात मिनिटं असताना
मालकांचा मेल आला :
आदरणीय निर्मलाताई, कृपया सोबतच्या खात्यावर
तातडीने अठरा लाख चाळीस हजार वर्ग करावेत.
मी बैठकीत आहे. दूरध्वनी करू नये.

नाव बरोबर. सहीखालचं चिन्ह बरोबर.
उद्यमबागेतला प्लॉट नंबरसुद्धा बरोबर.
पत्त्यात एका अक्षराच्या जागी
तसाच दिसणारा एक आकडा उभा होता,
तो मला दिसला नाही, खरं सांगते.
चष्मा पर्समध्ये होता.

दिसलं नाही. ऐकू आलं.

बाबा याच फौंड्रीत एकतीस वर्षं तपासणीला होते.
पंपाचा ओतीव भाग, वाळू झाडून,
साखळीला टांगायचा
आणि हातोडीनं एकदाच, हलकं.
चांगला असला तर आवाज
अनगोळच्या देवळापर्यंत जाईल असा खणखणीत.
आत कुठं हवेचा फुगा अडकून राहिला असला,
मग वरनं आरशागत गुळगुळीत का असेना,
बद्द.
बाबा खडूनं फुली मारायचे, पुढचा घ्यायचे.

तर ते 'कृपया' मी मनात टांगून वाजवलं.
बद्द.
'आदरणीय' वाजवलं.
यल्लोजी मालकांनी बावीस वर्षांत
मला कधी ताई म्हटलेलं नाही.
त्यांचं असतं : 'काय गे निर्मला, काय करूलीस?
त्या कोळशावाल्याचं बिल तेवढं सोड की,
डोकं खाऊन ठेवलंय, साकु आता.'
अर्धं मराठी, पाव कन्नड, उरलेल्या शिव्या.
हे असलं कडक इस्त्रीचं मराठी
आमच्या आवारात कुणी घालून येत नाही.

ईरण्णाला हाक मारली.
ईरण्णा हुक्केरी आमचे कॉम्प्युटर बघतो.
रोज संध्याकाळी सगळा हिशेब, सगळी ड्रॉइंगं
एका डिस्कवर उतरवून, वायर काढून,
डब्याच्या पिशवीतनं घरी नेतो.
आम्ही हसायचो : बायकोला काय, भाकरीसंगं वाढतोस?
मग मागच्या गल्लीतल्या कडोलकरांच्यात ते झालं.
एका सकाळी पडद्यावर कुलूप,
खाली पैशाचा आकडा आणि उलटं चालणारं घड्याळ.
चाळीस वर्षांची मापं आत अडकली.
माणसं आलेली, भट्टी तापलेली,
आणि ओतायचं काय, कुणालाच माहीत नाही.
कडोलकर पायरीवर बसून होते,
कुणी मेल्यागत.
त्यानंतर डब्याच्या पिशवीला कुणी हसलं नाही.

ईरण्णानं मेल वाचला, पत्त्यावर बोट ठेवलं,
मला तो आकडा दाखवला.
म्हणाला, 'अक्का, या वेळी बोलण्यावरनं घावला.
पुढच्या वेळी 'करूलीस' पण लिहितील.
मालकांचा आवाज काढून फोन करतील,
शिव्यांसकट.'

म्हणजे आतून पोकळ
आणि वाजवलं तर खणखणीत?
असा माल बाबांच्या हातून कधी गेला नव्हता.
मला त्यांना विचारायचं होतं,
पण ते जाऊन सहा वर्षं झाली.

फोन उचलला, परत ठेवला.
जिना उतरले. आवार ओलांडलं.
चपलेत काळी वाळू गेली, गरम.
मालक भट्टीपाशी, बनियन घामानं ओलं,
हातात चहाचा ग्लास. बैठक कसली न् काय.

'अठरा लाख मागितलात काय तुम्ही?'

त्यांनी माझ्याकडं बघितलं,
ग्लासात बघितलं,
मग एक शिवी दिली,
इथं लिहिण्यासारखी नाही.

पण वाजली कशी!